रोजगार कार्यालयातली ललकारी

"देशात कामाला तोटा नाही, भाऊ!" असं म्हणून काका मिशीवरून हात फिरवत. आणि हे म्हणत कुठे, तर इंदरगंजातल्या आमच्या रोजगार कार्यालयाच्या दारात, बेकारांच्या रांगेसमोर.

असा एखादा आशावादी तुमच्याही कचेरीत असेलच. आमच्याकडे सगळेच त्यांना काका म्हणत; ते पूर्वी दरबारात चोबदार होते. महाराजांच्या पुढे चालत ललकारी देत. संस्थान विलीन झालं, ललकारीची गरज संपली आणि देशाच्या भरभराटीत त्यांना आमच्याकडे हंगामी शिपायाची जागा मिळाली. आमच्या कार्यालयामुळे कुणाला नोकरी लागल्याचं मी पाहिलेलं हे एकमेव उदाहरण.

काम एवढंच, की उमेदवाराचं नाव पुकारायचं. पण पगडीवाले काका छाती भरून घेत आणि गरजत, "निगाह रखो! श्रीमंत गोविंदराव, बी. ए. पास, तशरीफ ला रहे हैं!"

झिजल्या चपलांचा गोविंदराव आधी दचकून मागे पाही, कुणी सरदार आला की काय. मग सदरा नीट करी आणि ताठ मानेने आत येई. नोकरी आम्ही देत नसूच, पण परत जातानाही त्याची मान ताठच असे.

"काका, जरा हळू," मी म्हणे.

"हळू कशाला? अरे भैया, माणूस काम मागायला आलाय, चोरी करायला थोडीच!"

मला ते फार आवडत.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. राजधानी भोपाळला गेली, तिच्या मागोमाग मोठ्या कचेऱ्याही गेल्या. इथे लष्कर शहरात प्रगती झाली ती फक्त आमच्या रांगेची. नवे साहेब आले. रोजगार कसा झपाट्याने वाढतो आहे यावर त्यांनी सुंदर भाषण केलं आणि त्याच आठवड्यात दाराला विजेची घंटा बसवून काकांची जागा रद्द केली. काकांच्या घरात कमावणारे ते एकटेच होते.

पुढच्या सोमवारी काका आले ते बोडक्या डोक्याने, रांगेत. मी खुर्ची द्यायला उठलो, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. घंटा वाजत राहिली, रांग सरकत राहिली आणि ते माझ्या टेबलाशी पोचले.

प्रत्येकाला विचारायचं असा नियमच होता. "काका, काय काम येतं?"

त्यांनी वळून रांगेकडे पाहिलं. मग टेबलावर वाकून, मलाही जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "काहीही चालेल."