नरसम्मा येमूल यांचं नाव

दुपारचे पावणेतीन वाजलेत आणि शैला उपासे झोपलेली नाही. म्हणजे तिला विचाराल तर ती असंच सांगेल. मान खुर्चीच्या पाठीवर टाकलीय, डोळे मिटलेत, पंख्याचा आवाज मध्येच लांब जातोय आणि परत येतोय, पण बाई म्हणणार, "पडलेय नुसती, विचार करतेय."

विचार करण्यासारखं आहेही. चार वाजता पान छापायला जायचंय आणि त्यातलं एक नाव अजून ठरत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातलं 'मोकळीक संवाद' हे तिचं नऊ वर्षांचं दुकान. खोल्या दोनच. बाहेरच्या खोलीत दर आठवड्याला चार पानी अंक निघतो, शाळा-कारखान्यांची पत्रकं लिहून दिली जातात. आतल्या खोलीत माणसं मनातलं बोलतात. शैला पंधरा वर्षं बातमीदार होती, मग चाळिशीत समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेऊन बसली. आता आपल्याकडे मनाच्या डॉक्टरकडे उघड कोण जातंय ओ? लोक येतात ते बातमी द्यायला. हळदीकुंकवाची बातमी, मंडळावर निवड झाल्याची बातमी. कागद टेबलावर ठेवतात आणि उठतच नाहीत. मग शैला चहा सांगते आणि आतलं दार उघडते. नऊ वर्षांत त्या दारातून एकाचंही नाव बाहेर फुटलेलं नाही. या गोष्टीचा तिला इतका अभिमान, की कुणी न विचारताही सांगते.

नरसम्मा येमूल अशीच बतुकम्माच्या, म्हणजे तेलुगू बायांच्या फुलांच्या सणाच्या, कार्यक्रमाची बातमी घेऊन आली होती. विड्या वळणारी बाई, अकरा वर्षांपूर्वी नवरा अपघातात गेलेला. पोरींना एकटीने वाढवलं, आणि थोरलीचं लग्न झाल्यावर एक दिवस बोलणंच बंद केलं. चौदा महिने घरात शब्द नाही. ती आतल्या खोलीत पाच महिने येत राहिली, आधी रडली, मग बोलली. आता दर मंगळवारी तिच्याच ओसरीवर गल्लीतल्या बाया विड्या वळत बसतात आणि आपापलं दुखणं सांगतात, नरसम्मा ऐकते. शैलाने तिला विचारूनच हे सगळं लिहिलंय, झकास लिहिलंय. फक्त नरसम्माच्या जागी 'सुनंदा' आलीय, कंसात 'नाव बदलले आहे'.

लिहिलेलं तिला वाचायला पाठवलं होतं, ते वाचून सकाळी नरसम्माचा फोन आला. "बाई, ही सुनंदा कोण ओ? माझं नाव घाला की!"

"बघते," म्हणाली शैला. तेव्हापासून बघतेच आहे.

पंखा थांबतो. बाहेरच्या खोलीत चपला वाजतात आणि हंचाटे साहेब आत येतात. दैनिकातले तिचे जुने वृत्तसंपादक, गेल्या श्रावणात वारलेले. शैला त्यांच्या दिवसकार्याला जेवून आलीय, तरी तिला नवल वाटत नाही. उलट खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर आपण बसलोय, याचीच तिला लाज वाटते.

"बस गं, उपासे. मेलेल्या माणसाचे पाय दुखत नाहीत."

"चहा सांगू साहेब?"

"सांग. पिता येणार नाही, पण वास घेईन."

ते भिंतीजवळ जातात, आणि भिंतीच्या जागी जुन्या दैनिकाचं लांब टेबल आहे. वर पिवळे दिवे, शाईचा वास, कोपऱ्यात ओले ठसे घेतलेले कागद. साहेब एकेक कागद उचलतात. सगळे 'मोकळीक'चे अंक आहेत, पहिल्यापासूनचे.

"आठवतंय?" शैला विचारते. तिचा आवाज उगाच चढतो. "तुम्ही म्हणाला होता, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. पेशंट पळतील आणि पेपर बुडेल."

"म्हणालो होतो की."

"बुडाला का?"

"नाही बुडाला, बाई. मीच गेलो आधी." साहेब हसतात, आणि मग चष्मा काढून पुसत बसतात. "जाईपर्यंत दर शुक्रवारी वाचायचो. बायकोला दाखवायचो, ही माझ्या हाताखाली शिकली म्हणून. तुला मात्र एकदाही बोललो नाही. संपादकाच्या जातीला कौतुक करता येत नाही, त्याला फक्त चुका दिसतात."

हे एवढंच ऐकायला शैला पंचवीस वर्षं थांबली होती, आणि ऐकायला मिळालं तेही असं. तिला मोठ्याने रडावंसं वाटतं आणि गल्लीभर सांगत सुटावंसंही वाटतं.

"तर चूक दाखवतो," साहेब म्हणतात.

टेबलाखाली आता तेंदूच्या पानांचे गठ्ठे आहेत. दिवे नाहीत, ऊन आहे. ती दोघं नरसम्माच्या ओसरीवर उभी आहेत आणि बायांचे हात भराभर चालतायत, पण एकीलाही तोंड नाही. नाकाखाली नुसती सपाट कातडी. शैला दचकते. साहेब मात्र शांतपणे एक जुना पिवळा कागद तिच्यापुढे धरतात.

"वाच. तुझीच बातमी आहे, अकरा वर्षांपूर्वीची."

शैला वाचते. ट्रकच्या धडकेत यंत्रमाग कामगार ठार. शेवटची ओळ नेहमीची: त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुली असा परिवार आहे.

"मी नाव लिहिलं होतं, साहेब," ती पुटपुटते. "दवाखान्याच्या व्हरांड्यात तिला विचारून लिहिलं होतं. पत्नी नरसम्मा."

"माहीत आहे. एक ओळ जास्त होत होती. ते नाव मी कापलं."

बाया विड्या वळत राहतात. दोऱ्याचा नुसता सरसर आवाज येतो.

"तिने तो पेपर जपून ठेवलाय," साहेब म्हणतात. "त्यात नवरा आहे, ट्रक आहे, ट्रकचा नंबरसुद्धा आहे. ती नाही. आणि आज तू तेच करतेयस."

"तेच कसं? मी तिला जपतेय! धाकटीचं लग्न ठरायचंय. उद्या पाहुणे म्हणाले, आई वेडी होती, तर?"

"तिला विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

सकाळी फोनवर नरसम्मा काय म्हणाली ते शैलाला शब्द न् शब्द पाठ आहे. म्हणाली, धाकटीच म्हणते घाल नाव, आणि जो पाहुणा माझं नाव वाचून पळेल त्याला मीच दारात उभा करणार नाही.

"मग भीती कुणाला आहे, उपासे?"

"मला," शैला म्हणते. म्हणून झाल्यावर तिचं तिलाच वाईट वाटतं. "नऊ वर्षांत एक नाव फुटलेलं नाही, साहेब. लोक त्याच विश्वासाने येतात."

"फुटणं वेगळं आणि माणसाने स्वतः सांगणं वेगळं, हे मी तुला शिकवायचं? समुपदेशन तू शिकलीस की मी?" साहेबांचा जुना आवाज लागलाय, अख्खा विभाग मान खाली घालायचा तो. मग ते एकदम मऊ होतात. "मी जागेसाठी कापलं, तू मायेपोटी कापतेस. त्या बाईच्या वाट्याला काय फरक पडला गं?"

ओसरी आता दैनिकाचा जिना झालीय आणि साहेब उतरायला लागलेत. शैला वरून हाक मारते. "साहेब, पुढच्या शुक्रवारचा अंक?"

"अंक चांगला निघेल," ते वळून न बघता म्हणतात. "तुझा आहे ना."

पंखा पुन्हा लागतो. तीन वाजून वीस मिनिटं. शैलाची मान अवघडलीय, गाल ओले आहेत, आणि टेबलावर पानाचा छापील नमुना उघडा पडलाय. त्यावर पेन्सिलीच्या खुणा आहेत. झोपण्याआधी त्या नव्हत्या, यावर ती शपथ घ्यायला तयार आहे. 'सुनंदा' जिथे जिथे होती तिथे काट मारलीय, कंसही गेलाय. आणि मथळ्याखाली 'शैला उपासे' छापलं होतं, ते खोडून तिथे ठळक लिहिलंय: नरसम्मा येमूल. त्याखाली बारीक अक्षरात, शब्दांकन शैला उपासे. अक्षर तिचंच आहे. पेन्सिल मात्र इतकी दाबून चालवलीय, की कागद दोन ठिकाणी फाटलाय. ती फाटक्या जागेवरून बोट फिरवते. आयुष्यात तिने कधी एवढं दाबून लिहिलेलं नाही.

ती खुणांप्रमाणे पान दुरुस्त करते, एक अक्षरही इकडचं तिकडे न करता. मग नरसम्माला फोन लावते.

"नाव घातलं."

"कुठं घातलं? आत?"

"वर. मथळ्याखाली, पहिलंच. तुमची गोष्ट, तुमच्या नावाने."

पलीकडे बायांचा गलका आहे, तो हळूहळू थांबतो. नरसम्माने हात वर केला असावा.

"बाई," नरसम्मा म्हणते, "मग वीस अंक जास्तीचे छापा. गल्लीत मी तोंडी काय सांगत बसू?"