पानमळ्यातली कोरी चप्पल

रक्ताच्या स्लाइडवर जंतांशी लढणाऱ्या पेशी फार दिसल्या, की मला ती बाई आठवते. नाव आठवत नाही. अंगठ्यावरची लोखंडी नखी आठवते. निपाणीजवळच्या एका पानमळ्यात ती त्या नखीनं विड्याची पानं खुडायची. आमच्या लॅबमध्ये रक्त देतानाही तिनं ती नखी काढली नव्हती.

रिपोर्ट घ्यायला आली तेव्हा मी सांगितलं, "आक्का, पोटात जंत आहेत. ओल्या मातीतून तळपायात शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात."

"आन् माझं रगात गप बसलंय व्हय?"

"नाही, भांडतंय. पण एकटं पुरं पडत नाही. डॉक्टर देतील ती गोळी घ्या, आणि मळ्यात चप्पल घाला."

तिनं नखी टेबलावर टकटक वाजवली. पानमळ्यात कुणी पायताण घालून जात नाही. वेलाला विटाळ होतो म्हणतात. मला वाटलं, ही परत अनवाणीच जाणार.

पुढच्याच आठवड्यात मळ्याजवळ आरडाओरडा ऐकून मी गाडी थांबवली. तिनं रस्त्याची चप्पल बांधावर काढली होती आणि पिशवीतली कोरी चप्पल पायांत घातली होती.

"आगं, येल वाळंल!" मालक ओरडत होता.

"ही चप्पल रस्त्याला लावल्याली न्हाय, आप्पा," ती म्हणाली. "येक पान पिवळं पडलं तर समदा मळा पालथा घालतासा. माझं तोंड पांढरंफटक पडलं, तवा कुणी बघितलं?"

आणि ती चपलेसकट वेलांत शिरली.