आधी मत, मग विमान

मी घर सोडलं त्या दिवशी फलटणला विधानसभेचं मतदान होतं. मुंबईची गाडी दुपारी बाराला निघायची होती. आई सकाळपासून बॅगा उघडून पुन्हा भरत होती, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. जन्मभर शाळामास्तर, निवडणुकीच्या ड्यूट्या करून केस पांढरे केलेले. मी म्हटलं, अण्णा, उशीर होईल, रांग मोठी असेल. ते एवढंच म्हणाले, "आधी मत, मग विमान." झालं. पाऊण तास रांगेत काढला. घरी आलो तेव्हा डाव्या हाताच्या बोटाला शाई होती आणि उजव्या तळहातावर आईनं दही-साखर ठेवली.

स्टुटगार्टला पोचलो तरी नखावर शाई होतीच. कंपनीतल्या साहेबानं विचारलं, नख दारात सापडलं का? मी मोडक्या जर्मनमध्ये त्याला आमची लोकशाही समजावून सांगितली. काय तोरा होता माझा! आज आठवलं की कानशिलं तापतात.

पुढं इथलाच झालो. स्टुटगार्टपासून एस-बान म्हणजे लोकलनं अर्ध्या तासावर, द्राक्षमळ्यांच्या उतारावरचं छोटंसं गाव. जर्मन पासपोर्ट घ्यायचा म्हणजे भारताचा परत करायचा. हे फोनवर सांगितलं तेव्हा अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन केला. "तिथं मत आहे ना तुला? मग ठीक." मी म्हटलं, म्हणून तर घेतोय. म्हातारा तेवढ्यावर निवांत झाला.

गेल्या वर्षी आमच्या गावात महापौराची निवडणूक लागली. जुने महापौर मळेवाल्यांचे. पिढ्यानपिढ्या मत तिकडंच. समोर उभ्या राहिल्या आमच्या शेजारीण, फ्राऊ केलर. स्टेशनपर्यंत संध्याकाळची बस आणि शाळेनंतर मुलांना सांभाळायची सोय, एवढंच त्यांचं मागणं. आम्ही नवीन होतो तेव्हा पत्ता नोंदवायला याच बाई माझ्याबरोबर ऑफिसात आल्या होत्या. माझी बायको मंजिरी आजारी पडली तेव्हा आठ दिवस आमच्या मुलीला, रेवाला, शाळेत पोचवलं. आमचं मत कुणाला, हा प्रश्नच नव्हता.

मतदानाचं पत्र आलं, त्याला इथं वालबेनाखरिष्टिगुंग म्हणतात, ते फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलं. आणि त्याच रविवारी मी मिसळ ठेवली. हो, मीच. हॉल बुक केला, मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं, सगळ्यांनी स्टुटगार्टला अकरापर्यंत यायचं. मतदानाची तारीख रोज फ्रिजवर वाचत होतो, तरी डोक्यात शिरलं नाही. रेवाला सोळा पूर्ण झालेली. इथं गावच्या निवडणुकीत सोळाव्या वर्षी मत देता येतं, केंद्रावर मदतनीस म्हणून बसताही येतं. ती म्हणाली, मला दुपारची ड्यूटी आहे, मी येत नाही. निघताना तिनं जर्मनमध्ये बजावलं की केंद्र सहाला बंद होतं. मी म्हटलं, येतो गं.

मिसळ झकास झाली. मग चहा, आणि चहाबरोबर महाराष्ट्राचं राजकारण. कोण कुठल्या पक्षात गेला, कुणी कुणाला फसवलं, जिथं आम्हाला मत नाही तिथल्या निवडणुकीवर घसा बसेपर्यंत भांडलो. आमच्या गावातली जर्मन पासपोर्टवाली सातही मराठी घरं तिथंच होती. मंजिरीनं साडेचारला आठवण केली. मी म्हटलं, अगं, ते मळेवालेच निवडून येणार, आपल्या दोन मतांनी काय होतंय? पातेली घासून गाडीत बसलो तेव्हा साडेसहा वाजले होते. वाटेत अण्णांचा फोन आला. दिलंस का? म्हटलं, दिलं.

फ्राऊ केलर अकरा मतांनी पडल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या सफरचंदाचा केक घेऊन आल्या, मदत केलेल्यांचे आभार मानायला. डोळे सुजलेले, पण हसत होत्या. म्हणाल्या, "अकरा कमी पडली. पण मिळालेल्यांत तुम्हा दोघांची होती, हे मला माहीत आहे." मी म्हटलं, नाटुरलिश, म्हणजे अर्थातच. मंजिरीनं मान खाली घातली. केक कापणाऱ्या रेवाचा हात थांबला. मग तिनं बशी माझ्यापुढं ठेवली आणि वर निघून गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. केंद्रावर नावांची यादी तिच्यापुढं होती. आलेल्या माणसाच्या नावापुढं खूण करायची, हेच तिचं काम. मी वर गेलो. विचारलं, तू त्यांच्यासमोर बोलली का नाहीस? ती जर्मनमध्ये म्हणाली, तिथं जे दिसतं ते बाहेर सांगायचं नसतं, तशी सही केली आहे. माझी पोरगी नियम पाळत होती आणि मी तिच्यासमोर धडधडीत खोटं बोललो होतो. आणि मग, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच, ती माझ्याशी मराठीत बोलली.

"मी सहा वाजेपर्यंत दाराकडे बघत होते, बाबा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार दिवसांनी फ्राऊ केलरना रिकामी बशी परत द्यायला गेलो आणि खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "आल्झो..." म्हणाल्या, म्हणजे अस्सं. बशी घेतली, दार हळूच लावलं. अजून भेटल्या की नमस्कार करतात. संध्याकाळची बस अजून नाही.

मिसळीला आलेल्यांनो, हे लिहिलंय ते तुमच्यासाठीही आहे, पण तुम्हाला बोल लावणार नाही. जेवायला मीच बोलावलं होतं. आणि अण्णा, तुम्हाला हे वाचूनच कळणार. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही.

घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी पटकन फलटण म्हणायचो. आता ते नाव तोंडात येईपर्यंत गावच्या शाळेतल्या हॉलचं दार डोळ्यांपुढं येतं. आत टेबलाशी माझी मुलगी बसली आहे, पुढ्यात यादी, यादीत माझं नाव. घर म्हणजे जिथं आपली वाट बघतात, म्हणे. तिथं माझी वाट बघत होते, आणि मी गेलो नाही.