विमानतळाच्या पुलावर चार चकरा

सकाळी सहाला बाबांनी माझ्या गाडी चालवण्यात तीन चुका काढल्या. गाडी तोवर सुरूही झाली नव्हती. आरसा वाकडा, सीट फार पुढे, आणि चपला घालून कोणी गाडी चालवतं का? बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी बसल्या जागी उजवा पाय ब्रेकवर ठेवण्याची सवय त्यांची सुटलेली नाही. माझ्या शेजारी बसले की ते पायाखालचा पत्रा दाबत राहतात.

मी सिहोऱ्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. गाडी शिकले चव्वेचाळिसाव्या वर्षी. तुमसर आणि भंडारा मला पाठ झालं आहे, पण नागपूरच्या विमानतळापर्यंत मी कधी गेले नव्हते. गावातलंही फारसं कोणी स्वतः गाडी चालवत तिथवर गेलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. पुढे कोणाला जायचं असेल तर माझ्या चुका त्याच्या कामी येतील. चुका भरपूर आहेत.

आम्ही माझ्या मोठ्या भावाला, प्रकाशदादाला, आणायला निघालो होतो. दादा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. सिहोऱ्याचा माणूस समुद्रात जाऊन परदेशी लोकांना जेवू घालतो, याचं गावाला अजून नवल वाटतं. तो सहा वर्षांनी घरी येत होता. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तो पाचव्या दिवशी पोहोचला होता. बाबांनी दारातच, सगळ्या नातेवाइकांसमोर, त्याला विचारलं, "आता कोनासाठी आला?" पुण्यानुमोदनाला (मृत व्यक्तीसाठीच्या आमच्या बौद्ध विधीला) तो मागच्या रांगेत बसला आणि त्याच संध्याकाळच्या बसनं परत गेला. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. दोघांचे निरोप मी इकडून तिकडे पोचवत असे, ते आपल्या मनाने थोडे गोड करून.

या वेळी तो येतो म्हणाला, तर बाबा आदल्या दिवशी म्हणाले, "मी बी येतो गाडीत." मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते आले नसते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापणीला आलेला होता. काही बांध्या (धानाची खाचरं) कापून झाल्या होत्या आणि त्यांत बगळे अशा थाटात हिंडत होते की जणू सातबारा त्यांच्याच नावावर आहे. तुमसरला फाटक बंद मिळालं. मालगाडी जाईपर्यंत बाबांनी शेजारच्या ट्रकवाल्याला त्याचं मागचं टायर बदलायला सांगितलं. ट्रकवाला "हो काका" म्हणाला आणि काच वर केली.

मोहाडी, वरठी करत भंडाऱ्यात पोहोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. एका टपरीवर तर्री पोहे खाल्ले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा. तो पोह्यांवर ओततात आणि वरून सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) भुरभुरतात. बाहेरच्या माणसानं पहिला घास घेतला की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि टपरीवाल्याच्या चेहऱ्यावर समाधान. आमच्या टपरीवाल्याला मी सहज विचारलं, "नागपूरचं विमानतळ कसं सापडते जी?"

"सोपं हाय न, मॅडम. सरळ जायचं. मंग पूल लागते. पुलावर चढायचं नाई."

"आन चढलो तं?"

"मंग नागपूर फिरून येता."

इतकं अचूक मार्गदर्शन मला पुढे दिवसभरात कोणी केलं नाही. मी ते हसण्यावारी नेलं. बाबांनी अर्धेच पोहे खाल्ले. एसटीत असताना हेच बाबा दोन प्लेट खाऊन तिसरीचा विचार करायचे, त्यामुळे मला ते जरा खटकलं.

"काहून जी बाबा, बरं नाही वाटून राहिलं का?"

"मले काय होते. चाल, उशीर होऊन राहिला."

उशीर अजिबात होत नव्हता. विमान साडेदहाला उतरणार होतं.

भंडाऱ्यापुढे महामार्ग गुळगुळीत आहे. एवढा गुळगुळीत की आमच्याकडच्या चालकाला तिथं करमत नाही, खड्डा चुकवायला हात शिवशिवतात. मौद्याला कन्हानचा पूल ओलांडला आणि पुढे नागपूरला बाहेरून वळसा घालणारा रस्ता धरला. या रस्त्यावर डावीकडे गोठे, उजवीकडे नवे फ्लॅट, आणि दोन्हींच्या मधे म्हशी. म्हशींना अजून ठरवता आलेलं नाही की आपण कोणत्या बाजूच्या. वळसा संपला, आम्ही वर्धा रोडला लागलो आणि नागपूरच्या दिशेनं वळलो. विमानतळ आता जवळ होतं. डोक्यावरून एक विमान इतकं खाली गेलं की त्याची चाकं दिसली.

"गेलं न तुमचं विमान," मी म्हटलं. बाबा वर बघतच राहिले.

आता नीट वाचा, कारण इथूनच माझी फजिती सुरू होते. या ठिकाणी रस्ता तीन मजली होतो. तळाला रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. विमानतळाकडे जायचं तर तळमजल्यावर राहून डावीकडे लागावं लागतं. ज्याला काहीच ठरवता येत नाही त्याला मात्र रस्ता आपोआप पुलावर चढवतो. मी मधल्या रांगेत होते, तिथून हलले नाही आणि चढले. वर गेल्यावर खाली डावीकडे विमानतळाचा फाटा छान दिसला. त्यावर हिरवी पाटीही होती. पुलावरून सगळंच छान दिसतं, फक्त उतरता येत नाही.

उतरलो ते थेट शहरात. रिक्षा, सिग्नल, लग्नाची वरात घेऊन जाणारी ट्रॅव्हल्स. कसंबसं उलटं वळून परत दक्षिणेला निघाले, तर विमानतळ आता उजव्या हाताला आणि मधे दुभाजक. तो दुभाजक ज्यानं बांधला त्याला कुठंच जायचं नसावं. दूरवर जाऊन पुन्हा वळले. झाली पहिली चक्कर.

दुसऱ्या वेळी मी जिद्दीनं डावीकडे राहिले आणि जरा लवकरच डावीकडे वळले. एका मोठ्या फाटकासमोर पोहोचलो. तिथल्या पहारेकरी बाईनं काचेवर टकटक केली.

"सामान आणलं का?"

"नाही, माणूस न्यायचा आहे."

"इथून फक्त पेट्या जातात, ताई. माणसं पुढच्या फाटकातून."

मी गाडी मागे घेतली. बाबा म्हणाले, "कट मार." तेवढंच बोलले. घरातून निघताना तीन चुका काढणारा माणूस एवढ्या चुकांवर गप्प आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी घामाघूम झाले होते आणि फोन वाजत होता. दादा.

"वंदे, उतरलो. कुठं हायेस?"

"इथंच," मी म्हणाले. खोटं नव्हतं. त्याच्या डोक्यापासून माझी गाडी सरळ रेषेत एक किलोमीटरही नसेल.

"बाबा आले काय?"

मी शेजारी पाहिलं. बाबा खिडकीतून मेट्रोचे खांब बघत होते. "आले," मी म्हटलं. दादा म्हणाला, "हळू ये. घाई नाही."

तिसरी चक्कर. या वेळी मी बाबांना स्पष्ट सांगितलं, "मी रस्ता पाहते, तुम्ही पाट्या पाहा. विमानतळाची पाटी दिसली का सांगा." बाबा म्हणाले, "हव." समोर एक ट्रक होता, त्याच्या मागे मला काही दिसेना. ट्रक पुलावर चढला. मीही चढले. खाली डावीकडे फाटा पुन्हा छान दिसला.

मला राग आला. पुलावरून उतरल्यावर मी गाडी सर्व्हिस रोडला घातली आणि एका चहाच्या ठेल्यासमोर उभी केली.

"बाबा, पाटी नाही दिसली तुमाले?"

"दिसली."

"मंग काहून नाही सांगितलं?"

बाबांनी पट्टा काढला, पुन्हा लावला. "तीनही बारी दिसली," ते म्हणाले. "अंधारात, पान्यात पाट्या वाचल्या म्या. आता का दिसनार नाई?"

चहावाल्यानं न विचारता दोन कप खिडकीतून आत दिले. बाबांनी कप हातात धरून ठेवला.

"तुई आई दवाखान्यात होती न," ते म्हणाले, "तवा पयल्याच दिवशी मने, प्रकाशले फोन लावा. मी मनलो, लागत नाई. आठ दिवस रोज मनलो, लागत नाई. समुद्रात हाय, लागत नाई. म्या लावलाच नाई, वंदे. मले वाटलं, बरी होते, कायले त्याले हैरान करा. नवव्या दिवशी गेली. मंग लावला, तं पयल्या झटक्यात लागला."

फोन लागत नाही असं बाबांनी तेव्हा मलाही सांगितलं होतं, आणि मला वाटलं होतं की दादानं यायला उशीर केला. गावाला वाटलं होतं. सहा वर्षं मी दादाला निरोपात गोडवा मिसळून देत होते, आणि मनातून त्याच्यावर थोडी रुसलेलीही होते.

"आन दारात त्याले तसं बोलले तुम्ही?"

"लोकं होते न सगळे." बाबांनी चहा एका दमात संपवला. "तेथी जाऊन काय मनू त्याले? तूच सांगून दे न."

आजवर सगळे निरोप मीच पोचवले होते. हा मात्र मी घेणार नव्हते. "हे मी नाही सांगत," मी म्हणाले. "हे तुमचं तुम्ही सांगा. नाही तं आपण फिरतच राहू, टाकी भरली हाय."

बाबांनी रिकामा कप चहावाल्याला दिला आणि एसटीतला आवाज काढला. "गाडी सुरू कर. तिसरा गिअर. आरसा पाह्य. त्या लाल गाडीले जाऊ दे. आता डावी धर. अजून डावी. चढू नोको. चढू नोको मनलं न!"

चौथ्या चकरेत आम्ही एकही वळण न चुकता विमानतळावर होतो.

आगमनाच्या दारासमोर गाडी थांबवायची नसते, फक्त माणूस उचलायचा असतो. त्यासाठी तिथं शिटी घेतलेला एक पहारेकरी असतो. दादा खांबाजवळ उभा होता. केस पार पांढरे, पोट सुटलेलं, हातात एक निळी बॅग. मी थांबले तशी बाबांनी दार उघडलं आणि ते खाली उतरले. पहारेकऱ्यानं शिटी वाजवली.

दादा बॅग खाली ठेवून पाया पडायला वाकला. बाबांनी त्याचा दंड धरून त्याला मधेच थांबवलं. "पयले आयकून घे," ते म्हणाले. "तुई आई आठ दिवस मने फोन लावा. म्या लावला नाई. तुया उशीर नोयता. माया होता."

पुन्हा शिटी. "ओ काका, गाडी पुढं घ्या! मागं लाइन लागली!"

बाबा हलले नाहीत. दादाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी काच खाली करून पहारेकऱ्याला म्हटलं, "दोन मिनिटं भाऊ, सहा वर्षांचं बोलणं हाय." त्यानं माझ्याकडे, मग त्या दोघांकडे पाहिलं. शिटी तोंडातच राहिली, पण वाजली नाही. तो मागच्या गाड्यांना हातानं बाजूनं काढू लागला.

दादाचा चेहरा आधी लाल झाला. मला वाटलं, आता तो बॅग उचलून परत आत जाईल. त्यानं बॅग उचललीही. ती त्यानं डिकीत ठेवली, झाकण जरा जोरातच आपटलं, आणि मागचं दार उघडून बाबांना म्हणाला, "बसा." स्वतः पुढे माझ्या शेजारी बसला नाही. तोही मागेच बसला, बाबांच्या बाजूला.

मौद्यापर्यंत मी आरशातून बघत होते, दोघं आपापल्या खिडकीतून बाहेर पाहत होते. मौदा गेल्यावर दादानं विचारलं, "कोनत्या खाटेवर होती आई?"

"खिडकीजवळच्या," बाबा म्हणाले.

"खात होती काय?"

"पयले चार दिवस पेज खाल्ली. मंग नाई."

असं सुरू झालं. एक प्रश्न, एक उत्तर, मधे दोन-चार किलोमीटर. भंडारा आलं, कोणाला भूक नव्हती. वरठीच्या आसपास दादाचा आवाज एकदा चढला, "एक फोन, बाबा! एक!" बाबा म्हणाले, "हव." त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहिलं. तुमसरपर्यंत ते दवाखान्यातल्या पाचव्या दिवसावर आले होते.

गावातले लोक आता मला विमानतळाचा रस्ता विचारतात आणि मी सांगते: डावीकडे राहा, चढू नका, आणि वाट माहीत असलेला माणूस शेजारी बसला असेल तर तो गप्प का आहे ते आधी विचारा.

सिहोऱ्याला पोहोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. मी गाडी अंगणात घेतली आणि बंद केली. मागे बाबा सांगत होते, आठव्या दिवशी आई शुद्धीवर होती, पाणी मागितलं, आणि दादाच्या लहानपणीची कसलीशी गोष्ट नर्सबाईला सांगत होती.

"कोनती गोष्ट?" दादानं विचारलं.

माझा नवरा घरातून बाहेर आला. दार उघडायला पुढे झाला, तशी मी काचेतूनच त्याला हातानं थांबवलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिले.