ॲबसेंट व्याह्यांचा चहा

आमच्या व्याह्यांइतका विक्षिप्त माणूस राहाता तालुक्यात दुसरा कोणी दाखवा, माझी पेरूची बाग त्याच्या नावावर करून देतो. सुनेचा बाप म्हणून मान द्यावा, तर हा गृहस्थ जन्मभर इंग्रजी शिकवून रिटायर झाला तरी शाळा सोडीना. मी दुसरी शिकलो, तीही अर्धी. पण माझं काही अडलं नाही. आपण पेरू बियांसकट खातो, हे शब्दाच्या बिया काढत बसतात. एका लग्नाच्या पंगतीत बुंदीवाल्याला थांबवून 'प्लेट' हा शब्द कुठून आला ते सांगू लागले. मागची रांग शिव्या घालायला लागली, तरी यांचं चालूच.

सकाळी स्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही म्हातारे जमतो. तिथं व्याही हजेरी घेत. बाकीचे मुकाट 'हजर' म्हणत. मी कधी म्हणालो नाही. "समोर बसलोय, दिसत न्हाई व्हय?" मोतीबिंदूनं खरंच दिसत नव्हतं, पण कबूल करतील तर व्याही कसले!

न आलेल्याचाही चहा सांगायचा, हा त्यांचाच कायदा. एकदा शब्बीरभाई मुलीकडे जामखेडला गेले, तर त्यांचा कप बाकावर ठेवलेला. टपरीवाला म्हणाला, "सर, मानूस न्हाई, मग चहा कुनाला?"

"नाही कसा? ॲबसेंट आहे! लॅटिनमधून आलाय शब्द. 'अब' म्हणजे दूर, पुढचा तुकडा म्हणजे असणं. ॲबसेंट म्हणजे नसणं नव्हे, दूर असणं!"

"लांबच्याला चहा गार लागंल," म्हणून मी तो कप उचलून पिऊन टाकला. तेव्हापासून गैरहजरांचा चहा माझ्याकडे लागला.

दिवाळीनंतर व्याही डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला मुलाकडे गेले. डोळा झाला झकास, पण मुलगा म्हणतो, आता एकटे राहू नका, इथंच राहा. मी फोनवर विचारलं, "येनार का न्हाई, एक काय ते सांगा."

"बघू," म्हणाले. एवढंच. त्या 'बघू'ची फोड काही केली नाही.

परवा टपरीवाल्यानं एक कप कमी मांडला. मी म्हणालो, "व्याह्यांचा कुठंय?"

"सर आता न्हाईत ना, आबा."

"न्हाई कसे? ॲबसेंट हायेत. वत मुकाट्यानं."

त्यानं ओतला. शब्बीरभाई हसले, "घ्या, तुमचाच हाय." मी हात लावला नाही. कपावर साय धरली, तसं मी त्या रिकाम्या जागेकडे बघून हळूच म्हणालो, "हजर."

शब्बीरभाईंना कमी ऐकू येतं, ते एक बरंय.