वर्षाच्या आतला गिलावा

ताई गेली तो दिवस २०१८च्या फेब्रुवारीतला. सकाळी तिने चहा घेतला, वाडीत चिकू काढणाऱ्यांना हाक मारली आणि ओट्यावर बसली. मी पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा ती गेली होती.

आम्ही दोघी बहिणींनी लग्न केलं नाही. ही गोष्ट आमच्यापेक्षा गावानेच जास्त मनाला लावून घेतली होती. ताई घर आणि वाडी बघायची. मी डहाणूच्या शाळेत मराठी शिकवायचे, निवृत्त झाल्यावर घरी बसून वाचायचे. भिंतींना देखभाल लागते हे मला पुस्तकांतून कधी कळलं नव्हतं, आणि ताईने ते कधी मला कळू दिलं नाही.

तेराव्याच्या जेवणानंतर धाकटा भाऊ माझ्याजवळ येऊन बसला. तो वापीला कंपनीत आहे.

"माई, आता तू आमच्याकडे ये. एक खोली रिकामीच आहे."

ती रिकामी खोली मी पाहिलेली होती. तिच्यात व्यायामाची एक सायकल, दोन मोडके पंखे आणि भावजयीची लोणच्याची बरणी राहते.

"आणि घर?"

"बंद ठेवू. एकटी बाई किती दिवस राहणार? उद्या काही झालं तर लोक मला विचारतील."

मला काही झालं तर त्याला लोक विचारतील, ही काळजी खरी होती. मी म्हटलं, वर्ष तर होऊ दे. तो म्हणाला, ठीक, वर्षश्राद्धानंतर टेम्पो आणतो. आमचं संभाषण एवढंच झालं. मला इथेच राहायचं होतं. का, ते विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. सुदैवाने कोणी विचारलं नाही.

आमच्या घराची पश्चिमेची भिंत समुद्राकडे आहे. मधे सुरूची झाडं आहेत, पण पाऊस त्यांना जुमानत नाही, आडवा येतो. म्हणून मे महिन्याच्या शेवटी या भिंतीवर झाप बांधायची, म्हणजे नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे. ताई दरवर्षी एका माणसाकडून ते बांधून घ्यायची आणि खाली उभी राहून त्याच्या प्रत्येक गाठीत चूक काढायची. त्या वर्षीही तो माणूस आपणहून झावळ्या घेऊन आला. दुर्दैवाने त्याच वेळी आमची आत्या ओट्यावर बसलेली होती.

आत्या ऐंशीच्या पुढची. दोन आळ्या सोडून राहते. तिला दिसतं कमी, पण जे दिसतं त्याला नियम असतो.

"हे काय? मांडव घालताय?"

"आत्या, झाप आहे. पावसासाठी. दरवर्षी बांधतो."

"दरवर्षी घरात माणूस गेलेलं नसतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसणार? झावळ्या. झावळ्या म्हणजे मांडव. वर्षाच्या आत दारी मांडव?"

"दारी नाही आत्या, मागच्या भिंतीला."

"मागच्या भिंतीला लग्न लागत नाही का कुणाचं?"

झाप बांधणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तो झावळ्या घेऊन शेजाऱ्यांकडे गेला. त्यांच्याकडे कोणी गेलेलं नव्हतं, त्यांची भिंत त्या वर्षी फार छान कोरडी राहिली. त्यानंतर मी घरातली धर्मशास्त्राची पुस्तकं काढून पाहिली. सुतकात मीठ कोणतं खावं इथपर्यंत सगळं सापडलं. झाप सापडली नाही. पण आत्याला पुस्तक दाखवणं म्हणजे समुद्राला भरतीचं वेळापत्रक दाखवण्यासारखं.

पाऊस आला आणि भिंत उघडी होती. जुलैत गिलाव्याला फुगे आले. बोटाने टकटक केलं की पोकळ आवाज यायचा. मग पांढरा खार फुटला आणि पोपडे पडू लागले. त्या भिंतीच्या आतल्या बाजूला ताईची खोली. तिच्या कपाटामागे हिरवट ओल चढली. मी तिच्या साड्या काढून माझ्या खोलीत आणल्या आणि तिची गादी ऊन पडलं की बाहेर टाकायचे. ऊन आठवड्यातून एकदा, तेही कुठे निघायची घाई असल्यासारखं पडायचं.

वरोरची मासेवाली दारात टोपली उतरवून भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली.

"बाई, भिंत सुकवायला टाकलीय का? आमच्या बोंबलांना सुद्धा एवढं खारवत नाय."

घरात वर्षभर मासे बंद होते, हे तिला माहीत होतं. ती फक्त भिंत बघायला थांबायची. तसे बरेच जण थांबायचे. ताईबद्दल दोन शब्द बोलून झाले की प्रत्येक जण मागच्या बाजूला चक्कर मारून यायचा आणि आला त्यापेक्षा गंभीर चेहऱ्याने निघायचा.

भाऊ श्रावणात आला. त्याने भिंतीवर अंगठा दाबला. ताटाएवढा तुकडा खाली आला. निदान पक्कं झालेल्या डॉक्टरसारखा त्याचा चेहरा उजळला.

"बघ. माई, हे घर आता राहण्यासारखं नाही."

"भिंत आहे. दुरुस्त होईल."

"आणि पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या वर्षी? कोण बघणार?"

त्याने फोटो काढले आणि घरातल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकले. संध्याकाळपर्यंत मला बोरिवलीच्या चुलतभावाकडून एका केमिकलचं नाव आलं, नाशिकच्या मामेबहिणीकडून तुरटीचा उपाय आला, आणि एका भाच्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. ते हात बहुधा ताईला जोडलेले होते, पण भिंतीच्या फोटोखाली आले.

पाऊस उघडल्यावर मी गवंडी शोधला. तो तलासरीकडचा. कामापेक्षा बोलायला जास्त हुशार. त्याने हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवून पाहिली, कान लावला, आणि म्हणाला, "बाई, हे सगळं काढायला लागेल. विटेपर्यंत. मग नवा गिलावा. एकदम फर्स्ट क्लास. शंभर वर्षं बघायला नको."

"शंभर वर्षं मला लागणार नाहीत," मी म्हटलं.

"तरी पण," तो म्हणाला.

काम सुरू करण्याआधी आत्याला विचारणं भाग होतं, कारण न विचारता केलं असतं तर तिने ऐकून आणखी कडक नियम काढला असता. तिने डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला: काढायला हरकत नाही, लावायला आहे. पाडणं हे दुःखातलं काम, नवीन लावणं हे सुखातलं. वर्षश्राद्ध झाल्यावर लावा.

गवंडी हे ऐकून खूश झाला. त्याचं अर्धं काम धर्मानेच पुढे ढकललं होतं. त्याने पश्चिमेची भिंत विटेपर्यंत सोलून काढली, राडारोड्याचा ढीग तिथेच ठेवला, आणि गेला. भिंत नागडी उभी राहिली. विटांमधल्या सांध्यांत मुंग्यांनी घर केलं. त्यांना कोणी वर्षश्राद्धाचं सांगितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीकडे जमीन हादरायला लागली. भांडी वाजायची, कुत्री ओरडायची, लोक अंगणात ताडपत्रीखाली झोपायचे. आमच्या आळीत ज्यांच्या भिंती छान होत्या त्यांच्या गिलाव्याला तडे गेले. लोक आपापले तडे एकमेकांना दाखवू लागले. माझ्या भिंतीला तडा जायला गिलावाच नव्हता. आळीत त्या महिन्यात सर्वांत निश्चिंत भिंत माझी होती, आणि याचं श्रेय आत्याने लगेच घेतलं.

"लावला असतास तर फुकट गेला असता. मी सांगितलं म्हणून वाचला."

भावाचा फोन आला. "आता तरी पटलं? जमीनसुद्धा तेच सांगतेय."

"वापीला हादरत नाही का?"

"हादरतं, पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत."

त्याने टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं. वर्षश्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी दुपारी. माझी पुस्तकं खोक्यांत भरायला त्याने वापीहून खोकीही पाठवली. साबणाची होती. मी ती ताईच्या खोलीत एकावर एक रचून ठेवली. भरली नाहीत.

गवंड्याला मी फोन करत राहिले. तो म्हणायचा, "बाई, तलासरीला घराघरात भिंती फुटल्यात. आमचा सीझन चालू आहे. तुमची भिंत कुठे पळून जाते?" शेवटी मी म्हटलं, श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आला नाहीस तर येऊच नकोस. शाळेतला आवाज बऱ्याच वर्षांनी काढला. तो आला.

श्राद्ध झालं. भटजी, पिंड, केळीचं पान, कावळा. कावळ्याने वेळ लावला नाही. ताईला कधीच कोणाला ताटकळत ठेवायला आवडायचं नाही. भाऊ आणि भावजय रात्री राहिले. सकाळी ते उठले तेव्हा मागे वाळू चाळली जात होती.

"हे काय?" भाऊ म्हणाला.

"गिलावा."

"आज? आज तर आपण निघतोय."

"वर्ष झालं ना. आत्याने सांगितलं होतं, वर्षानंतर लावा."

गवंडी दुपारपर्यंत हात चालवत राहिला. तोंडही. टेम्पो आला तेव्हा भिंत खालपासून वरपर्यंत ओली, राखाडी, चकचकीत उभी होती. आत्याही आली होती, कारण टेम्पो आला की आत्या येते.

मी गवंड्याला सगळ्यांसमोर विचारलं, "आता याला काय करायचं असतं?"

"पाणी मारायचं. सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे तरी. नाही मारलं तर तडकणार, मग मला शिव्या नको."

"माणूस ठेवू पाणी मारायला," भाऊ म्हणाला.

मग मी आत्याकडे वळले. वर्षभरात मी तिला पहिल्यांदा आपणहून नियम विचारत होते.

"आत्या, ओला गिलावा टाकून घराला कुलूप लावलं तर चालतं का हो?"

आत्याने डोळे मिटले. टेम्पोवाला बिडी पेटवायचा थांबला. भावजयीने पदर सारखा केला.

"छे छे," आत्या म्हणाली. "ओल्या भिंतीचं घर बंद करायचं नसतं. घरातल्या बाईनेच पाणी घालायचं असतं. परक्या हाताने नाही."

"आत्या, हे कुठे लिहिलंय?" भाऊ वैतागून म्हणाला.

"लिहायला काय, सगळ्यांना माहीत आहे. तुलाच नाही, वापीला राहतोस म्हणून."

मी बादली भरायला विहिरीवर गेले. परत आले तेव्हा भाऊ खोकी टेम्पोत चढवत होता, रिकामीच. भावजय म्हणाली, "माई, मग पंधरा दिवसांनी?" मी म्हटलं, बघू.

पंधरा दिवसांनी भाऊ आला. भिंत वाजवून पाहिली. भरीव वाजली. मग तो जेवून गेला. टेम्पोचा विषय नंतर निघाला नाही.

गवंड्याची शंभर वर्षं त्याच मे महिन्यात संपली. गिलाव्यावर केसाएवढ्या बारीक रेघा उठल्या. त्याला बोलावलं तर म्हणाला, "बाई, ती डिझाइन समजा." मी पावसाआधी त्यावर झाप बांधून घेतली. आत्या येऊन बघून गेली.

ताईची खोली कोरडी आहे. तिथे आता मी झोपते. तिच्या साड्या परत कपाटात ठेवल्या आहेत. भिंतीला अजून रंग दिलेला नाही.