ठिणगी पाहणारी बाई

मी भातकुलीकडचा लोहार. शाळा दुसरीपर्यंत. एका साली मी घडवलेल्या वखराच्या पासा, म्हणजे जमिनीत चालणारी लोखंडी पाती, शेतात वाकायला लागल्या आणि गाव म्हणे, "म्हाताऱ्याचा हात गेला." मी म्हटलं, हात नाही, लोखंडच खोटं आहे. एक पास घेऊन थेट अमरावतीची लोखंड तपासणारी लॅब गाठली.

तिथं मशीनवर एक बाई होती. नाव विचारलं नाही. तिनं पास घासून साफ केली, फुंकर मारली आणि मला दटावलं, "आता बोट नका लावू, चाचा. तुमाले कसं समजलं हे खोटं हाय?"

"ग्राइंडरवर धरली. कडक पोलादाच्या ठिणगीले फुलं फुटतात. इची नुसती लांब रेघ."

बाई हसली. "हे मशीनबी ठिणगीच पाह्यते!"

तिनं पास मशीनला लावली, चर्र आवाज झाला. ठिणगीच्या उजेडावरून मशीननं आतला माल सांगितला. कार्बन फारच कमी, म्हणजे लोखंड मऊ! मी तर निघायला खुर्चीवरून उठलोच. बाईनं मात्र आणखी दोन जागी ठिणगी पाडली. तेच उत्तर.

"मशीनले तीनदा विचारा लागते, चाचा," तपासणीचा कागद देत ती म्हणाली. "तुमचं एकदाच पाहून भागलं."

कागदानं गावाची तोंडं बंद झाली. पण अजूनही कोणी माझ्या हाताचं काढलं, की मी कागद शोधत नाही. तिचं वाक्य ऐकवतो.